जिन्यातला ओळंबा : गुरुत्व त्वरण मोजण्याच्या प्रयोगाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

गेल्या वर्षीची अकरावीची जर्नलं रद्दीत द्यायच्या आधी चाळली. लंबकाचा प्रयोग, 'जी'ची (म्हणजे गुरुत्व त्वरणाची) किंमत काढा. एकूण एक उत्तर ९.७८ ते ९.८२ मध्ये. आमच्या प्रयोगशाळेतलं सामान पाहिलं तर हा चमत्कारच. स्टॉपवॉच दोन, त्यातल्या एकाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय घड्याळ थांबत नाही.

एक जर्नल नीट तपासलं. मुलाने आकृतीत प्रामाणिकपणे दाखवलंय की धाग्याची लांबी त्याने गोळ्याच्या कडीपर्यंतच मोजली. म्हणजे कडी आणि गोळ्याची त्रिज्या मिळून दोनेक सेंटिमीटर राहून गेले. ८० सेंटिमीटरला दोन म्हणजे अडीच टक्के. उत्तर साडेनऊच्या जरा वर यायला हवं होतं. आलंय ९.८१. आकृती खरी आणि रीडिंगं बसवलेली.

त्याला काय बोलणार? मीही कॉलेजात हेच केलं होतं. उत्तर आधी लिहायचं, मग उलटं गणित करून वेळ काढायची, शेवटच्या आकड्यात थोडी इकडंतिकडं करायची म्हणजे खरं वाटतं. उत्तर पुस्तकात छापलेलं असताना माणूस मोजेल कशाला?

तर यंदाचं काम असं: चोवीस मुलांची बॅच, खर्च दोनशे रुपयांच्या आत, आणि प्रयोग असा की ९.८ माहीत असूनही तो बसवता येऊ नये.

७ ऑगस्ट, बुधवार

पहिला प्रयत्न सरळ पाडण्याचा. दीड मीटरवरून लोखंडी नट सोडायचा, स्टॉपवॉचने वेळ मोजायची. तीन मुलांना मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं.

वेळा आल्या ०.४१, ०.६८ आणि ०.५५ सेकंद. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. 'जी' आला अनुक्रमे १७.८, ६.५ आणि ९.९.

"सर, ९.९ आलं की! हेच लिहू."

घ्या. अडचण काय आहे ते एका वाक्यात सांगितलं पोराने. नट पडायला अर्धा सेकंद लागतो आणि बोटाचा उशीरच दोन दशांश सेकंदाचा असतो. त्यातून ९.९ आलं ते मटका लागल्यासारखं. पण मुलाच्या डोक्यात पहिली दोन रीडिंगं 'चुकीची' आणि तिसरं 'बरोबर', का, तर पुस्तकाशी जुळलं म्हणून.

सरळ पाडणं बाद.

१० ऑगस्ट, शनिवार

शाळा सुटल्यावर फोनवर करून पाहिलं. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने बनवलेलं. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे, पहिल्या आवाजाला सुरू आणि दुसऱ्याला बंद. नट फुग्याला बांधून टांगला आणि टाचणीने फुगा फोडला. 'फट्' आणि मग खाली पत्र्यावर 'टण्'.

फोन जमिनीवर ठेवला तर सरासरी ०.५४९ सेकंद, 'जी' ९.९५. दर वेळी जास्तच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. फुग्याचा आवाज दीड मीटर खाली यायला चार-साडेचार हजारांश सेकंद घेतो, पत्र्याचा आवाज फोनच्या कानाशीच होतो. म्हणजे घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं. फोन स्टुलावर ठेवून बरोबर मधल्या उंचीला आणला, दोन्ही आवाजांना सारखंच अंतर. आता ०.५५४, म्हणजे ९.७७. मला स्वतःला इतका आनंद झाला की मामांनी (आमचे शिपाई) दार उघडून पाहिलं, काय फुटलं म्हणून.

तरीही वर्गासाठी नको. एक तर मुलांना शाळेत फोन आणायला बंदी आहे. दुसरं म्हणजे यात फोन आकडा देतो आणि मुलगा तो उतरवून घेतो. चुकलं तर कुठे चुकलं हे त्याला दिसत नाही. स्टुलाची गंमत मात्र एका तासाला दाखवेन.

१२ ऑगस्ट, सोमवार

फिरून लंबकावरच आलो. त्याचं मोठेपण हे की तो तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो. दहा झोके मोजले की बोटाची चूक दहात वाटली जाते.

प्रयोगशाळेत पितळी गोळे सहा, त्यातल्या दोघांच्या कड्या गायब. बॅचमधल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. तो म्हणाला, "ओळंबा चालेल का सर? घरी दोन आहेत." चालेल म्हणजे काय, पळेल! आणला. लोखंडी, भोवऱ्यासारखा, चारशे ग्रॅम भरला. वर गळ्याशी छोटी चकती, तिच्यातून दोरी जाते.

लगेच भांडण सुरू. लांबी मोजायची कुठपर्यंत? एक म्हणे चकतीपर्यंत, दुसरी म्हणे टोकापर्यंत, तिसरा म्हणे निम्म्यापर्यंत. मोजायला हवं गुरुत्वमध्यापर्यंत, पण तो या आकारात डोळ्यांनी सापडायचा नाही.

भांडण ऐकता ऐकताच सुचलं. मोजायचीच कशाला लांबी?

आवर्तकालाचा (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग लांबीच्या प्रमाणात वाढतो, आणि ते प्रमाण म्हणजे ४ पाय-वर्ग (पाय म्हणजे ३.१४) भागिले 'जी'. पूर्ण लांबी माहीत नसली तरी ती किती *बदलली* हे कळलं की पुरे. लंबक उंचावर टांगायचा, टांगण्याची जागा मुलांच्या हाताला येणार नाही अशी. मुलांनी फक्त ओळंब्याची चकती जमिनीपासून किती वर आहे ते मोजायचं. दोरी वर ओढत जायची, ही उंची वाढेल, आवर्तकाल घटेल. एका अक्षावर ही उंची, दुसऱ्यावर आवर्तकालाचा वर्ग. रेघ खाली उतरत जाईल. तिच्या चढावरून 'जी' मिळेल. आणि तीच रेघ पुढे वाढवून आवर्तकाल शून्य होतो तिथे नेली, तर टांगण्याची उंची मिळेल, जी कोणी मोजलेलीच नाही!

'जी' पुस्तकात आहे. ही उंची कुठल्याही पुस्तकात नाही. ती शेवटी सगळ्यांसमोर फितीने मोजायची. खोटं बोलायचं तर आता दोन ठिकाणी जुळवून बोलावं लागेल, आणि त्यातली एक जागा अंधारात आहे.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

जागा ठरली: जिन्याच्या मधली पोकळी. तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत मोकळी आहे. दुसऱ्या मजल्यावर लादीलगत कठड्याच्या गजांमधून आडवा वासा घातला.

दोरीने दिवस खाल्ला. आधी तंगूस घेतला, मासे धरायचा, कारण बारीक आणि गुळगुळीत. पण तो ताणतो. सकाळी टांगलेला ओळंबा दुपारपर्यंत दोन सेंटिमीटर खाली आलेला. मग सुती दोरा, तर त्याचा पीळ उलगडून ओळंबा स्वतःभोवती गरगरायला लागला. शेवटी चपला शिवायचा मेण लावलेला दोरा आणला. तीस रुपयांचं रीळ. उत्तम आहे.

टांगणंही नीट हवं. खिळ्याला गाठ मारली तर झोक्याबरोबर गाठ खिळ्यावर लोळते, आणि लंबक नेमका कुठून लोंबतोय तेच कळेनासं होतं. वाशाला दोन लाकडी पट्ट्या लावून त्यांच्यात दोरा शिकंज्याने आवळला. पट्ट्यांची खालची कड हीच टांगण्याची जागा. दोरा कमी करायचा तर शिकंजा सैल करून वर ओढायचा. कड हलत नाही.

लांब लंबकाचा आणखी एक फायदा. टेबलावरचा लंबक पोरं तीस अंशांपर्यंत ओढतात. सूत्र लहान कोनाचं आहे; तीस अंशांना आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो आणि 'जी' साडेतीन टक्के कमी दिसतो. इथे सहा मीटरच्या दोऱ्याला अर्धा मीटर बाजूला ओढलं तरी कोन पाचाच्या आत, फरक दोन हजारात एकही नाही. शिवाय झोका इतका संथ की मोजताना धांदल होत नाही. पाच सेकंदांचा एक झोका. मामा पायरीवर बसून बघत राहिले. "देवळातल्या घंटेसारखं वाटतंय," म्हणाले.

२१ ऑगस्ट, बुधवार

दोन मुलींना घेऊन रंगीत तालीम. दोघी हुशार, रीडिंगं नीटनेटकी, आलेखावरचे ठिपके रेघेवर मण्यांसारखे. 'जी' आला १२.१.

दोघींचे चेहरे पाहण्यासारखे. मी काहीच बोललो नाही (अवघड गेलं). वीसेक मिनिटांनी एकीने विचारलं, "सर, घड्याळ चालू करताना मी 'एक' म्हणते. पण तेव्हा तर एकपण झोका झालेला नसतो ना?"

बरोब्बर. 'दहा' म्हणेपर्यंत झोके नऊच होतात. नऊ झोक्यांच्या वेळेला दहाने भागलं की 'जी' दहा भागिले नऊचा वर्ग इतक्या पटीने फुगतो. ९.८ चा १२.१. तेव्हापासून नियम केला: 'तीन, दोन, एक, शून्य', आणि शून्याला बटण. तेही ओळंबा टोकाला असताना नाही, मधल्या खडूच्या रेघेवरून जाताना. टोकाला तो रेंगाळतो, नेमका क्षण धरता येत नाही.

मोजणीचा कंटाळा आला की त्यांना बोलोन्याच्या रिचोलीची गोष्ट सांगावी. सतराव्या शतकातला हा जेसुइट पाद्री. लंबकाचा सेकंद पक्का करायला त्याने सहकाऱ्यांना बसवून अख्खे २४ तास झोके मोजून घेतले, आळीपाळीने. नंतर त्याच लंबकाच्या जोरावर तिथल्या मनोऱ्यावरून गोळे टाकून पडण्याचा नियम तपासला.

पण माझ्या दृष्टीने आजची खरी गोष्ट वेगळीच. 'जी' १२.१ आला तरी टांगण्याची उंची त्यांना जवळजवळ बरोबर मिळाली होती! कागदावर मांडून पाहिलं तेव्हा उमगलं. झोका मोजायची चूक सगळ्या आवर्तकालांना एकाच पटीत कमी करते. रेघ चपटी होते, पण शून्याला जिथे टेकायची तिथेच टेकते. म्हणजे मी ज्या उंचीला खोटं पकडणारी समजत होतो, तिच्या नजरेतून ही चूक सरळ सुटते. उलट उंची मोजताना सगळीकडे सारखीच चूक झाली, तर रेघ जशीच्या तशी बाजूला सरकेल. 'जी' शाबूत आणि टांगण्याची उंची चुकलेली. दोन पहारेकरी, पण दोघांची दारं वेगळी. हे मुलांना आधी सांगायचं नाही असं ठरवलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून पाऊस. जिन्यात वारा घुसतो, ओळंबा सरळ झुलायच्या ऐवजी लंबगोल फिरतो. वीजही नाही. प्रयोग बंद.

वर्गात गप्पा मारल्या. इथला 'जी' नेमका किती अपेक्षित धरायचा? पृथ्वी ध्रुवांकडे चपटी, शिवाय फिरते. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. आमचा अक्षांश साधारण १८, समुद्रसपाटीपासून उंची सातशे मीटर. हिशेब ९.७८ च्या थोडासा वर जातो. म्हणजे ज्या ९.८१ साठी मुलं रीडिंगं बसवतात तो इथला आकडाच नव्हे.

हा फरक सापडला कसा, तर लंबकानेच. १६७२ मध्ये झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, विषुववृत्तापासून पाच अंशांवर. पॅरिसला बरोबर चालणारं त्याचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. सेकंदाचा लंबक (एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद घेणारा) सुमारे ९९४ मिलिमीटरचा. तो त्याला जेमतेम पावणेतीन मिलिमीटर आखूड करावा लागला. या पावणेतीन मिलिमीटरांवरून पुढे पृथ्वीच्या आकाराचा वाद पेटला.

आणि आपल्याकडची गोष्ट. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कॅप्टन बसेवी नावाचा अधिकारी होता. १८६५ पासून तो रॉयल सोसायटीचे दोन लंबक घेऊन देशभर फिरला, दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत जागोजागी झोके मोजत. १८७१ मध्ये लडाखच्या पठारावर, थंडीत, हेच काम करताना तो गेला. डोंगराचं एवढं वजन खाली असूनही तिथे गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमी भरलं होतं. डोंगरांच्या मुळाशी हलका खडक असावा, या विचाराला अशा मोजण्यांनी बळ मिळालं.

"मग सर, आपल्याला पण कळेल का, आपला ९.७८ आहे का ९.८१?"

नाही कळणार. फरक हजारात तीनचा, आणि आमची चूक शंभरात एखादी तरी असणारच. हे सांगितल्यावर वर्ग जरा हिरमुसला. मला मात्र बरं वाटलं, कारण 'किती चूक' हा प्रश्न या विषयाच्या तासाला पहिल्यांदाच कुणी मनावर घेतला होता.

२ आणि ३ सप्टेंबर, सोमवार-मंगळवार

सहा-सहांचे चार गट. वरती दोरा धरणारा, फितीवाले दोघं, घड्याळवाली, झोके मोजणारा आणि लिहिणारी. सोमवारी गट १ आणि २, मंगळवारी ३ आणि ४. दुसऱ्या मजल्यावर फीत नेण्यास सक्त मनाई. जिन्याच्या तोंडाशी मामा उभे, तरी पाचवीतला एक जण निसटून आत आला आणि ओळंब्याला टपली मारून पळाला. ते रीडिंग पुन्हा घेतलं.

गट १ ची रीडिंगं इथे उतरवून ठेवतो. चकतीची उंची मीटरमध्ये, पुढे दहा झोक्यांची वेळ सेकंदांत:

०.२० – ४९.७
०.८० – ४७.४
१.४० – ४४.७
२.०० – ४१.८
२.६० – ३९.०
३.२० – ३५.६

मंगळवारी नेहमीची फीत कपाटात अडकली (किल्ली रजेवर). गट ३ ने मामांकडची जुनी पोलादी फीत घेतली. तेवढ्यात किल्ली मिळाली, गट ४ ने नेहमीचीच वापरली.

४ सप्टेंबर, बुधवार

आलेख काढायचा तास. गणकयंत्र चालेल, पण रेघ हाताने, पारदर्शक पट्टी ठेवून, ठिपके दोन्ही बाजूंना सारखे राहतील अशी. गट १ चा चढ दर मीटरला ४.०२ आला. ४ पाय-वर्ग म्हणजे ३९.४८, भागून ९.८२.

फळ्यावर चारही गटांचं मांडलं:

गट १ : 'जी' ९.८२, टांगण्याची उंची ६.३६ मीटर
गट २ : ९.६९, ६.३०
गट ३ : ९.७६, ६.५४
गट ४ : ९.८७, ६.३९

गट २ वाले पडेल चेहऱ्याने बसलेले, ९.६९ म्हणून. गट ३ वाले ९.७६ मुळे खुशीत. इथल्या खऱ्या आकड्याच्या सगळ्यांत जवळ तेच. मग सगळी वरात दुसऱ्या मजल्यावर. गवंड्याच्या मुलाने घरून मोठी फीत आणली होती. पट्टीच्या कडेपासून खाली सोडली. ६.३१ मीटर.

गट ३ चा आकडा तेवीस सेंटिमीटर लांब. लगेच आरडाओरड, "यांनी बसवलं, सर!" पण बसवलं असतं तर ठिपके इतके सरळ आले नसते, हे गट २ च्याच एका मुलीने सांगितलं. मग चूक कुठे? मी फळ्यावरून बाजूला झालो. पंधरा मिनिटं गेली. झोके चुकले असते तर 'जी' बिघडला असता. 'जी' ठीक. म्हणजे उंचीत काहीतरी, आणि सहाही रीडिंगांत सारखंच.

फीत मागवली. मामा घेऊन आले. मुलीने टोक हातात घेतलं आणि किंचाळलीच. फितीचं टोक तुटलेलं, पहिला आकडा वीस.

"मग?" मामा म्हणाले. "त्या फितीत वीस वजा करायचे असतात. सगळ्यांना माहितीय."

वीस वजा केले. ६.३४.

राहिलेला फरक तीन-चार सेंटिमीटरांचा. वर्गातून प्रश्न आला की आपण मोजतोय चकतीपर्यंत, लंबक झुलतो गुरुत्वमध्यापासून, तर हा फरक ओळंब्याचाच नाही का? ओळंबा आडवा करून पट्टीच्या धारेवर तोलला. चकतीच्या साडेचार सेंटिमीटर खाली तोल सांभाळतो. सगळ्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या. मी थांबवलं. चार गटांच्या उंचीतच आपसात नऊ सेंटिमीटरांची तफावत आहे. तिच्यातून चार सेंटिमीटर ओळखल्याचा दावा करता येत नाही. जुळतंय एवढंच लिहा. कुरकुर झाली, पण लिहिलं.

जर्नलात उत्तर काय लिहायचं, यावरही वाद. शेवटी प्रत्येकाने आपल्या गटाचा आकडा आणि शेजारी चारही गटांचे आकडे लिहिले. ९.६९ ते ९.८७. गट २ ने ९.६९ खोडलं नाही. त्यांची सहापैकी दोन रीडिंगं त्या बटण अडकणाऱ्या घड्याळाने घेतलेली होती, ते त्यांनीच शोधून समासात लिहिलंय.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्यापासून गणपती. वासा काढला, दोरा रिळावर गुंडाळला. एकूण खर्च एकशे चाळीस रुपये, फुगे धरून. ओळंबा परत केला. वडिलांनी निरोप पाठवलाय की पुढच्या वर्षी जड पाहिजे असेल तर एक किलोचाही आहे.

पुढच्या वेळी बदल दोन. दोन वासे, दोन लंबक, म्हणजे एका दिवसात होईल. आणि बटण अडकणारं घड्याळ बाद.

मामा तुटकी फीत भंगारात टाकायला निघाले होते. मी मागून घेतली. गट ३ साठी राखून ठेवलीय.